'घोस्ट'चं गाणं म्हणे! अहो, ते सिनेमापेक्षा पस्तीस वर्षांनी मोठं आहे

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय, कुंभाराच्या चाकावर बसलेल्या डेमी मूरच्या फोटोसकट. म्हणणं असं की 'अनचेन्ड मेलडी' हे गाणं १९९० च्या 'घोस्ट' सिनेमासाठी बनलं, रायचस ब्रदर्स या दोन सख्ख्या भावांनी ते लिहिलं आणि एकत्र गायलं, गाणं निव्वळ रोमँटिक आहे, तुरुंगाशी संबंध वगैरे सगळ्या थापा, आणि शेवटी ठोकून दिलंय की ओरिजिनल ते ओरिजिनल, बाकी सगळी कव्हर्स (म्हणजे तेच गाणं दुसऱ्यांनी पुन्हा गायलेलं) म्हणजे नकला. चार वाक्यं आणि चारही चुकीची, म्हणजे शेवटच्यात थोडं तथ्य आहे पण ते पोस्टवाल्याला अपेक्षित होतं तसं नाही, त्यावर येतोच.

आधी 'घोस्ट'. गाणं १९५५ चं आहे. त्या साली 'अनचेन्ड' नावाचा एक अमेरिकन सिनेमा आला होता, म्हणून ती मेलडी 'अनचेन्ड', एवढं साधं आहे ते. नाहीतर सांगा बघू, अख्ख्या गाण्यात 'अनचेन्ड' हा शब्द कुठे येतो? येतच नाही! शब्द लिहिणाऱ्या हाय झॅरेटला तो घाल म्हणून सांगितलेलं, त्याने साफ नकार दिला. चाल अ‍ॅलेक्स नॉर्थची. आणि गाण्याला ऑस्करचं नॉमिनेशनही १९५५ च्या सिनेमांमध्येच मिळालंय (मिळालं नॉमिनेशनच, ऑस्कर नाही). 'घोस्ट'मध्ये तर ते ज्यूकबॉक्सवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रावर वाजतं, म्हणजे पात्रंसुद्धा जुनंच गाणं ऐकतायत, सिनेमाच सांगतोय की हे जुनं आहे, आता अजून काय पुरावा द्यायचा.

आता तुरुंग. 'अनचेन्ड' हा सिनेमाच तुरुंगावर आहे, कॅलिफोर्नियातल्या चिनोच्या खऱ्या तुरुंगावर. नायक कैदी आहे आणि त्याच्यापुढे प्रश्न असा की पळून जायचं आणि जन्मभर लपत फिरायचं, की गपचूप शिक्षा भोगून बायकोकडे घरी जायचं. गाणं म्हणतो दुसरा एक कैदी, आणि ती भूमिका केलीय टॉड डंकनने. हा डंकन म्हणजे साधासुधा गायक नव्हे, १९३५ साली संगीतकार गर्श्विनच्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरात (गाण्यांतून चालणाऱ्या नाटकात) पहिला पोर्गी, म्हणजे नायक झालेला माणूस! हे डोक्यात ठेवून एकदा शब्द ऐका. वेळ सरता सरत नाही, नद्या समुद्राकडे निघाल्यात, मी घरी येतोय तू थांब, अजून माझीच आहेस ना? हे काय कॅंडललाइट डिनरचे शब्द आहेत का? मला तर हे कळल्यापासून गाणं जास्तच आवडायला लागलं. रोमँटिक आहेच हो, पण त्यातली तडफड आत अडकलेल्या माणसाची आहे.

भाऊभाऊ हा मुद्दा दोन ओळींत संपतो. बॉबी हॅटफील्ड आणि बिल मेडली, आडनावं बघा की. 'ब्रदर्स' हे नुसतं स्टेजचं नाव. आणि एकत्र गायलं म्हणाल तर या गाण्यात मेडलीचा आवाज शोधून दाखवा, पूर्ण गाणं एकट्या हॅटफील्डने गायलंय. प्रोड्यूस मी केलं असं मेडली सांगत आलाय, क्रेडिट मात्र फिल स्पेक्टर या नामवंत रेकॉर्ड प्रोड्यूसरच्या नावावर फिरतं. शिवाय १९६५ साली ते आलं रेकॉर्डच्या बी साइडला, म्हणजे मागच्या, दुय्यम बाजूला! ए साइडला 'हंग ऑन यू' होतं, चालवायचं होतं ते, पण रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून हेच वाजवायला सुरुवात केली आणि अमेरिकन चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, ते चौथ्या नंबरपर्यंत गेलं.

आणि आता तो ओरिजिनल आणि नकलांचा मुद्दा, माझं खरं भांडण इथे आहे. कारण पोस्टवाला ज्याला ओरिजिनल म्हणतोय ते स्वतःच कव्हर आहे आणि तेही दहा वर्षांनी केलेलं. १९५५ मध्येच अमेरिकेत या गाण्याच्या मागे रांग लागली होती, लेस बॅक्स्टरचा ऑर्केस्ट्रा पहिल्या नंबरवर, अल हिब्लर तिसऱ्या, रॉय हॅमिल्टन सहाव्या. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी जिमी यंगने पहिला नंबर काढला. पुढे तिथे १९९० मध्ये रायचस ब्रदर्स, १९९५ मध्ये रॉबसन आणि जेरोम, २००२ मध्ये गॅरेथ गेट्स, म्हणजे एकच गाणं चार वेगवेगळ्या आवाजांत पहिल्या नंबरवर! यातलं कुठलं ओरिजिनल म्हणायचं? डंकनचं म्हणावं तर ते आज कितीजणांनी ऐकलंय?

थोडं तथ्य आहे म्हटलं ते असं की आज जो कोणी हे गाणं घेतो तो शेवटी 'मला तुझं प्रेम हवंय' म्हणताना आवाज पार वर नेतो, आणि ती जागा हॅटफील्डची आहे. म्हणजे नक्कल होतेच, पण जिची होते ती एका कव्हरमध्ये घातलेली भर आहे. एल्विसनेही १९७७ च्या जूनमध्ये रॅपिड सिटीत स्वतः पियानोवर बसून हे गायलं, थकलेला, घामाघूम, आणि ऑगस्टमध्ये तो गेला. ते बघून कोणी नक्कल म्हणून दाखवावं.

बरं, सगळ्यात भारी गंमत 'घोस्ट'च्याच वेळची. सिनेमा चालला तसं लोकांना गाणं हवं झालं, पण १९६५ चं रेकॉर्डिंग कॅसेट सिंगल (एकाच गाण्यासाठी काढलेली कॅसेट) म्हणून दुकानात नव्हतंच. मग रायचस ब्रदर्सनी तेच गाणं नव्याने रेकॉर्ड करून बाजारात आणलं. जुनं रेडिओवर वाजत होतं, नवीन विकलं जात होतं, आणि अमेरिकन चार्टवर दोन्ही एकाच वेळी, जुनं तेराव्या नंबरपर्यंत, नवीन एकोणिसाव्या. तेव्हा १९९० मध्ये 'ते सिनेमातलं ओरिजिनल द्या' म्हणून ज्यांनी ती कॅसेट सिंगल घेतली, त्यांनी घरी नेलं ते पन्नाशीतल्या हॅटफील्डने स्वतःचंच केलेलं कव्हर.