कापल्यावर निळी पडली म्हणजे विषारी? नाही!

पाऊस लागला की रानअळंबीबद्दलचा एक संदेश हमखास फिरतो: टोपीखाली पापुद्र्यांऐवजी स्पंज असेल तर बिनधास्त खा, कापल्यावर निळी पडली तरच विषारी, खात्री हवी तर चांदीचं नाणं टाकून उकळा. हे वाचून कुणी खरंच टोपली भरेल, याची मला भीती वाटते.

स्पंजवाल्या अळंबीला बोलीट म्हणतात. त्यातलीच एक सैतानी बोलीट, रुब्रोबोलेटस सटानास. दक्षिण युरोपात ती आढळते, इंग्लंडमध्ये मात्र दुर्मीळ आहे. चुनखडीच्या जमिनीत, ओक-बीचखाली उगवते. टोपी खडूसारखी पांढरट, 30 सेंटिमीटरपर्यंत रुंद. खालची छिद्रं लाल. देठ बुडाशी कांद्यासारखा फुगलेला, त्यावर लाल बारीक जाळी. जून झाली की सडक्या मांसाचा वास येतो. खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. म्हणजे स्पंज असूनही विषारी. उलट कोकण-गोव्यात वारुळावर येणारी अळंबी पापुद्र्यांचीच असते, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते.

निळ्या रंगाचं तर साफ उलटंच आहे. सैतानी बोलीट कापली की फिकट गरावर सावकाश निळसर झाक येते, तीही पुसट. तिच्याच नात्यातली नीओबोलेटस ल्युरिडिफॉर्मिस सुरी लागताक्षणी शाई सांडल्यासारखी गडद निळी होते, आणि युरोपात ती नीट शिजवून खातात. (कच्ची पोट बिघडवते.) गरातल्या रंगद्रव्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, म्हणून हा निळेपणा. चिरलेलं वांगं काळं पडतं, तसंच. विषाशी त्याचा संबंध नाही.

नाण्याचं म्हणाल तर डेथ कॅपसारख्या जीवघेण्या अळंबीच्या विषाने चांदी काळी पडत नाही, आणि उकळून ते विष जातही नाही.

बोलीट ओळखायची तर छिद्रांचा रंग, देठावरची जाळी, गराचा बदल, वास, शेजारचं झाड, माती हे सगळं एकत्र जुळावं लागतं. म्हणून अळंबी वरून खुडू नका, बुडापासून उकरून काढा. फोटो युरोपातल्या चित्राशी जुळला, एवढ्यावर तर मुळीच जाऊ नका. भारतात बोलीटांच्या नव्या जाती आजही सापडताहेत.

आणि कुणी अनोळखी अळंबी खाल्लीच असेल तर त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका. डेथ कॅपची लक्षणं सहा तासांनंतर, कधी त्याहून बरीच उशिरा दिसतात. उरलेला कच्चा तुकडा कागदात गुंडाळा आणि थेट रुग्णालय गाठा.