एका पेशंटभोवती चार कॉलेजं

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते, क्लिनिकल पोस्टिंगला त्यांच्याबरोबर ओपीडीत उभी असते. एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मेडिकल, नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपीच्या मुलांची एक टीम करा आणि ओपीडीतली एखादी अडचण त्यांच्यावर सोपवा. शिकत असतानाच.

डायबेटिसची ओपीडी घ्या. कळवा, दिघा, तुर्भे इथून आलेले पेशंट. इन्सुलिन चालू, तरी शुगर कधी तीनशे, कधी एकदम साठ. मेडिकलचा मुलगा रिपोर्ट बघून डोसचा विचार करतो. नर्सिंगची मुलगी म्हणते, "मावशी, सुई कुठे टोचता, दाखवा बरं." बेंबीशेजारी हाताला गाठ लागते. रोज एकाच जागी टोचलं की कातडीखालची चरबी गाठाळते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. फार्मसीवाला पिशवीतली बाटली आणि सिरिंज जुळवून बघतो. आपल्याकडे एका मिलिलिटरला ४० युनिटचं इन्सुलिन मिळतं, तसं १०० युनिटचंही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन भरलं तर डोस अडीचपट जातो! फिजिओची मुलगी तोवर चपला बघते, तळवे बधिर झालेत का तपासते. हे सगळं कुणा एकट्याच्या नजरेत आलं नसतं.

मग सुधारणा. किती जणांचे पाय तपासले गेले, आठवडाभर मोजा. नंतर एकच बदल करा: नंबर यायच्या आधी बाकावरच चपला-मोजे काढायला सांगा. पुन्हा मोजा. फरक पडला तर चालू ठेवा. याला मशीन लागत नाही की टेंडर.

अशा एकत्र शिक्षणाचा आराखडा जागतिक आरोग्य संघटनेने २०१० सालीच दिला आहे. आपलं घोडं वेळापत्रकात अडतं. प्रत्येकाची कौन्सिल वेगळी, परीक्षा वेगळी, आणि मार्क नसलेल्या कामाला मुलं तरी वेळ कुठून देणार? त्याहून मोठी अडचण मानाची आहे. गाठ हाताला लागली तरी माझ्या मुली गप्प राहतात, "डॉक्टरांनी बघितलं असेल ना, मॅडम." म्हणून टीमचा लीडर दर पोस्टिंगला बदलायलाच हवा, कधी नर्सिंगचा, कधी फार्मसीचा.

एमबीबीएसची मुलं अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही कुटुंबं 'दत्तक' घेऊन, म्हणजे त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवायला, घरोघरी जातात, आमच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला जातात. निदान तेवढा एक दिवस एकत्र ठेवा. ठाणे-नवी मुंबईत शिकवणारं कुणी वाचत असेल तर मेसेज करा. मी बॅच घेऊन यायला तयार आहे.