बघू, चर्चा करावी

नाही म्हणायची कला आमच्या घराण्यात कुणालाच साधलेली नाही. गणपतीची वर्गणी, सोसायटीचं सचिवपद, पंगतीतली आग्रहाची जिलबी, काहीही समोर आलं की आमच्या तोंडून 'बरं' निघून जातं. अशा भिडस्त माणसाने लिनक्सचा कर्नल स्वतःच्या हाताने जुळवायला घेऊ नये. कारण ते काम मुळात नाही म्हणण्याचंच आहे. हजारो पर्याय समोर येतात आणि त्यातल्या बहुतेकांना तोंडावर नकार द्यायचा असतो.

लिनक्स ही संगणकाची एक ऑपरेटिंग सिस्टिम, आणि कर्नल म्हणजे तिचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कुणाला किती, मेमरी कुणाला किती, कीबोर्डवर बोट पडलं तर ते कुणाला कळवायचं, हा सगळा कारभार त्याच्याकडे. शहाणी माणसं तो तयार मिळतो तसा वापरतात. मीही वापरत होतो. मध्ये आले अण्णा.

अण्णा म्हणजे आमचे सासरे. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि पेटी वाजवतात. पावसाळ्यात ते आणि सासूबाई सांगलीहून आमच्याकडे पुण्याला मुक्कामाला आले, पण दमट हवेत नेऊन भाता खराब नको म्हणून पेटी तिकडेच राहिली. पेटीवाचून अण्णा म्हणजे दिवसभर घरातल्या प्रत्येक स्विचवर, नळावर आणि जावयावर लक्ष ठेवून असलेले अण्णा. म्हणून मी एक जुना यूएसबी कीबोर्ड, रास्पबेरी पाय ४ नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक आणि दोन स्पीकर अशी जुळणी करून दिली. आत पेटीचे आवाज भरले. अण्णांनी हात चोळले, 'सा' दाबला. सा आला. पण मागून आला.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "हा सा सांगलीहून येतोय का?"

आता यात यंत्राची बाजूही समजून घ्यायला हवी. आवाजाचे नमुने सेकंदाला ४८,००० या वेगाने स्पीकरकडे जातात आणि ते थोडे थोडे साठवून पुढे ढकलले जातात. माझ्या जुळणीत १,०२४ नमुन्यांचे दोन साठे होते, म्हणजे जवळजवळ ४३ मिलिसेकंदांचा उशीर. बोलताना हा उशीर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण द्रुत तीनतालात तो कानाला टोचतो. साठा लहान करावा, तर स्पीकरमधून पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. कारण साठा रिकामा होत आला, त्या क्षणी कर्नल दुसऱ्याच कुठल्या कामात गुंतलेला असायचा. आणि कर्नलला 'हातातलं टाक आणि आधी हे बघ' असं सांगायचं, तर तो तशा पद्धतीने बांधलेला लागतो. त्याला रिअल-टाइम कर्नल म्हणतात. तो मी बांधायला घेतला.

इंटेलच्या लॅपटॉपवर बसून पायमधल्या एआरएम जातीच्या प्रोसेसरसाठी कर्नल बांधायचा, तर पहिल्या पायरीलाच सांगावं लागतं की हे सगळं एआरएम६४साठी चाललंय. दर आज्ञेत सांगावं लागतं. एखाद्या वेळी राहिलं, तर लॅपटॉप काही तक्रार करत नाही. निमूटपणे इंटेलची यादी काढून समोर ठेवतो, आणि आपण अर्धा तास दुसऱ्याच प्रोसेसरचं भलं करत बसतो. मग 'मेक मेन्युकॉन्फिग' म्हणायचं. निळ्या पडद्यावर करड्या रंगाची चौकट उघडते, ऐंशीच्या दशकातल्या बँकेत असावी तशी. खाली सिलेक्ट, एक्झिट, हेल्प, सेव्ह आणि लोड. वर यादी. यादीतल्या प्रत्येक ओळीत आणखी एक यादी.

अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. सरकारी यादी दिसली की त्यांना राहवत नाही.

उत्तरं तीन प्रकारची. कंसात चांदणी म्हणजे हो, कर्नलच्या पोटात घ्या. रिकामा कंस म्हणजे नाही. आणि 'एम' म्हणजे मॉड्यूल. आत्ता पोटात नको, पण बांधून डिस्कवर ठेवा, गरज पडली तर बोलावू.

"म्हणजे 'चर्चा करावी'," अण्णा लगेच म्हणाले. उभ्या नोकरीत त्यांनी कुठल्याही फायलीवर हो किंवा नाही असं लिहिलेलं नव्हतं. समासात 'कृपया चर्चा करावी' एवढंच. चर्चा बहुतेक वेळा होत नसे आणि फाईल सुखाने नांदत असे. या 'एम'वर त्यांचा तिथल्या तिथे जीव जडला.

पहिली कसोटी प्लॅटफॉर्मची, म्हणजे कुणाकुणाच्या चिपवर चालायचं त्याची. एआरएम६४ची तयार यादी घेतली की तिच्यात सगळा गोतावळा आधीच येऊन बसलेला असतो. अॅपल, क्वालकॉम, रॉकचिप, मीडियाटेक, टेग्रा, ऑलविनर, एकेकाच्या समोर चांदणी. मला हवा होता फक्त रास्पबेरी पाय, आणि त्या नावाची ओळच यादीत नाही. तो सापडतो ब्रॉडकॉमच्या पोटात, 'बीसीएम२८३५ फॅमिली' या नावाखाली. माझ्या पायमधली चिप २७११. २८३५ ही अगदी पहिल्या पायमधली. म्हणजे नातवाचं घर शोधायचं तर दारावर आजोबांची पाटी बघायची. ती तेवढी ठेवून बाकीच्यांना एकेक करून निरोप द्यायला लागलो. अॅपलला नाही म्हणताना हात जरा अडखळला. एवढी मोठी कंपनी.

"ठेवा की," अण्णा म्हणाले. "उद्या कुणी आलंच तर?"

"अण्णा, पायमध्ये अॅपलचा प्रोसेसर कसा येईल?"

"कसा ते मला माहीत नाही. पण मागाहून विचारणा झाली तर?"

कर्नल लिहिणाऱ्यांना मात्र ही भीड नाही. १९९१ साली लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्स याने त्याची घोषणा केली तीच मुळी स्वतःकडच्या इंटेलच्या ३८६ प्रोसेसरसाठी. हे दुसरीकडे चालायचं नाही, असंही सांगून टाकलं होतं. पुढे ते वीसेक जातींच्या प्रोसेसरवर चालायला लागलं, आणि २०१३ साली आलेल्या ३.८ आवृत्तीत त्या ३८६लाच काढून टाकलं. ज्याच्या अंगणात जन्मले, त्याला! आपण काही हळवे नाही, असं टॉरवाल्ड्स त्या वेळी म्हणाला, आणि वर 'सुटलो एकदाचे' अशा अर्थाचंही काही. आमच्याकडे बंद पडलेला मिक्सर अजून माळ्यावर आहे.

पुढचं पान उघडलं, तर प्रोसेसरच्या उणिवांची यादी. हे पान मला फार आवडतं. चिप कारखान्यातून बाहेर पडल्यावर तिच्यात जे दोष सापडतात त्यांना एकेक क्रमांक असतो, आणि त्या दोषाला वळसा घालायचा उपाय कर्नलमध्ये असतो. कॉर्टेक्स-ए५३ हा प्रोसेसर, दोष ८४३४१९: मेमरीतून वाचताना किंवा लिहिताना भलत्याच पत्त्यावर जाण्याची शक्यता. कॉर्टेक्स-ए५७, दोष ८३२०७५: ठरावीक कामं एकत्र आली तर कायमचं अडकून पडण्याची शक्यता. अशी पानंच्या पानं. मी हे मोठ्याने वाचत होतो, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सासूबाई थबकल्या.

"एवढे दोष? आणि शांत?"

"आहे ना. चांदणी केली की झाली शांत."

"मग सगळ्यांची करून टाका. त्यात कसली काटकसर?"

माझ्या पायमध्ये ए७२ आहे. ए५३चे दोष त्याला लागूच नाहीत. तरी मी सगळ्या चांदण्या तशाच ठेवल्या. सासूबाई उभ्या होत्या.

मग सेकंदाला किती ठोके, हा प्रश्न. कर्नलचं घड्याळ १००, २५०, ३०० किंवा १,००० वेळा टिकटिकू शकतं. यातल्या ३००ची शिफारस करताना मदतीच्या मजकुरात म्हटलंय की टीव्हीच्या पाल आणि एनटीएससी या दोन्ही पद्धतींच्या चित्रांना हा आकडा नेमका भागतो. पाल म्हणजे आपलं दूरदर्शन, सेकंदाला २५ चित्रं. अण्णांना हे ऐकून भरून आलं. रविवारी सकाळी अख्खी चाळ कुणाच्या दारात जमायची, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. मी १,००० निवडलं.

मदतीच्या मजकुराबद्दल एक सांगायला हवं. कुठल्याही ओळीवर प्रश्नचिन्ह दाबलं की खुलासा येतो. तो आधी तुम्हाला कळणार नाहीत अशा गोष्टींवर दोन परिच्छेद बोलतो आणि शेवटी म्हणतो, 'खात्री नसेल तर एन म्हणा'. मला तर कशाचीच खात्री नव्हती. हॅम रेडिओ हवा का? इन्फिनिबँड? हजारो प्रोसेसरांचे महासंगणक एकमेकांना जोडायला जे लागतं, ते या पत्त्यांच्या जोडाला लागेल का? आणि काही ओळींवर तर प्रश्नचिन्ह दाबलं की उत्तर येतं, 'या पर्यायासाठी मदत उपलब्ध नाही'. हे वाक्य वाचून अण्णांचा या सगळ्या यंत्रणेवर विश्वास बसला.

आता मुख्य काम. संपूर्ण रिअल-टाइमचा पर्याय शोधायला लागलो. यादीत नाहीच. तिरकी रेघ दाबून नाव शोधलं, तेव्हा कळलं की तो दुसऱ्या एका पर्यायावर अवलंबून आहे. त्या पर्यायाचं नाव एक्सपर्ट. तुम्ही तज्ज्ञ आहात असं आधी जाहीर करायचं, मग ही ओळ डोळ्यांना दिसणार. दाखला नको, परीक्षा नको. नुसतं स्पेसबार दाबायचं. आमच्या घराण्यात आपण होऊन स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेतल्याचं उदाहरण नाही. मी इकडेतिकडे बघितलं आणि दाबलं. सगळ्या उपयाद्यांमध्ये आजवर न दिसलेल्या ओळी उगवल्या, आणि त्यांत ती एक होती.

"हे नवीन निघालंय का?" अण्णांनी विचारलं.

नवीन आणि जुनंही. वीस वर्षं काही मंडळी हे काम मुख्य कर्नलच्या बाहेर ठिगळं लावून चालवत होती आणि थोडं थोडं आत सरकवत होती. अधिकृत प्रवेश मिळाला तो २०२४च्या ६.१२ या आवृत्तीत.

"वीस वर्षं प्रलंबित?" अण्णा सरसावून बसले. "अडलं कुठे?"

"शेवटी अडलं ते निरोप छापणाऱ्या भागापाशी. कर्नल आपल्या सूचना पडद्यावर छापतो ना, तो भाग. त्याचं लिखाण चालू असताना बाकी सगळ्यांना थांबून राहावं लागायचं."

"जावक बारनिशी!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "मी सांगतो तुम्हाला, कुठल्याही खात्यात अडतं ते तिथेच."

मग मी त्यांना हेही सांगितलं की शेवटचा प्रस्ताव टॉरवाल्ड्सच्या हातात कागदावर छापून दिला गेला होता, सोनेरी वेष्टनात, व्हिएन्नाच्या परिषदेत. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. असा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर कधी आला नव्हता.

या भारावलेल्या अवस्थेतच आम्ही फाइल सिस्टिमच्या पानावर पोचलो. पहिलीच ठळक ओळ एक्स्ट४ची, समोर चांदणी. पायच्या कार्डावरचा, सुरुवातीचा छोटा भाग सोडला तर, बाकी माल याच पद्धतीने रचलेला असतो.

"हे एवढं मोठं प्रकरण आत्ताच पोटात कशाला?" अण्णा म्हणाले. "आधी यंत्र सुरू होऊ दे. मग चर्चा करावी."

वीस वर्षांच्या प्रलंबित कामाने हळवे झालेले सासरे, शेजारी सासूबाईंनी आणलेला अर्धा चहा. मी 'एम' केलं.

लॅपटॉपचा पंखा विमानतळासारखा वाजत राहिला, पडद्यावरून फायलींची नावं धावत गेली आणि यथावकाश कर्नल तयार झाला. कार्डावर टाकला, पाय सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. शेवटी होतं 'कर्नल पॅनिक', आणि त्याच ओळीत, मूळ फाइल सिस्टिम उघडता येत नाही. कारण उघड होतं. एक्स्ट४ वाचायचं ज्ञान त्या मॉड्यूलमध्ये, आणि ते मॉड्यूल ठेवलेलं एक्स्ट४च्या कार्डावर. ते वाचता आल्याशिवाय मॉड्यूल मिळणार नाही आणि मॉड्यूल मिळाल्याशिवाय ते वाचता येणार नाही.

मला वाटलं, अण्णा वरमतील. ते खूश झाले. "अहो, आमच्याकडे होतं हे. शासन निर्णयाची प्रत मिळण्यासाठी अर्ज, आणि सोबत जोडायच्या कागदपत्रांत पहिलं नाव शासन निर्णयाच्या प्रतीचं." त्या माणसाला शेवटी प्रत मिळाली का, हे काही त्यांना आठवेना.

एक्स्ट४ला हो म्हटलं, पुन्हा बांधलं आणि पाय उठला. साठा १,०२४वरून १२८वर आणला. दोन साठे मिळून साडेपाच मिलिसेकंदांच्या आत. पापड मोडला नाही. अण्णांनी भूपाची एक बंदिश धरली, आणि बोट पडताच सूर उमटायला लागला. मुखड्याच्या वेळी ते समेवर जरासे उशिरा आले. जुन्या सवयीने त्यांनी रास्पबेरी पायकडे रागाने बघितलं.

"त्याच्याकडे काय बघताय," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तो आता वेळेवर येतो."

त्या दिवसापासून अण्णांचं पेटीवरचं लक्ष थोडं उडालं आणि कर्नलवर बसलं. नवी आवृत्ती आली की 'मेक ओल्डकॉन्फिग' म्हणायचं असतं. जुनी उत्तरं ते तशीच धरतं आणि नव्याने आलेले पर्याय तेवढे एकेक करून विचारतं, पुढे 'न्यू' असा शिक्का मारून. ते काम आता त्यांनी स्वतःकडे घेतलंय. चष्मा नाकाच्या टोकावर, एक बोट 'एन'वर. आयुष्यभर 'चर्चा करावी' लिहिलेला माणूस सरळ नामंजूर करत सुटलाय, आणि त्यांचा रक्तदाबही सुधारलाय, असं सासूबाई म्हणतात. परवा कुठल्याशा नेटवर्क कार्डाची पाळी आली तेव्हा मात्र त्यांचं बोट हवेतच थांबलं.

"जावईबापू, नाही म्हटलं की कारण लिहायचा रकाना कुठे आहे?"

"रकाना नसतो, अण्णा. नुसतं एन."

"मग ज्याचं नामंजूर झालं, त्याने अपील कुठे करायचं?"

"कुठेच नाही."

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे, आणि 'एन' दाबलं.