दोन स्प्रे कॅन आणि एक रविवार: हे गणित कुठे चुकतं

जुनी मोटारसायकल घरी रंगवण्याबद्दलचा एक सल्ला सध्या हातोहात फिरतोय. घासा, दोन स्प्रे कॅन मारा, हाताला कोरडं लागलं की गाडी जोडा; एका रविवारात शोरूमची चमक. सोबत ठाम सूचना: जुना रंग धातूपर्यंत खरवडा, प्रायमर म्हणजे फुकटचा खर्च, थर जाड तितका टिकाऊ, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मारला की टाकीला पेट्रोलची भीती नाही, आणि एकच काळा रंग चॅसीपासून सायलेन्सरपर्यंत चालतो.

घरी रंगवू नये असं माझं म्हणणं नाही. साइड पॅनल, मडगार्ड, हेडलाइटची वाटी घरी छान होतात. आक्षेप आहे तो सगळी गाडी एकाच मापाने मोजण्याला. टाकीच्या रंगाला पेट्रोल झेलायचं असतं, सायलेन्सरच्या रंगाला उष्णता, चॅसीच्या रंगाला खडी आणि बोल्टचा दाब.

“जुना रंग धातूपर्यंत खरवडा.” कशाला? कारखान्यात भट्टीत भाजलेला मूळ रंग घट्ट धरून असेल तर त्याहून चांगला पाया घरी मिळणार नाही. पोपडे आणि गंज आहे तेवढीच जागा धातूपर्यंत न्या, तिच्या कडा 180 आणि मग 320 नंबरच्या सँडपेपरने उतरत्या करा, बाकीच्या भागाची 400 ने फक्त चमक घालवा. एक चाचणी मात्र आधी हवी. थिनरमध्ये भिजवलेला बोळा आतल्या बाजूला घासून पाहा. रंग बोळ्यावर आला तर खाली कुणीतरी नंतर मारलेला लॅकर, म्हणजे नुसता थिनर उडून सुकणारा रंग आहे. नवा रंग बसताच तो फुगून सुरकुततो. असा थर मात्र काढावाच लागतो. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका, पाणी लावून घासा. रंग उतरवायच्या द्रावणाने पटकन काम होतं हे खरं, पण मेथिलीन क्लोराइड असलेल्या द्रावणांच्या वाफेने बंद जागेत माणसं मेली आहेत. अमेरिकेत 2019 पासून घरगुती वापरासाठी त्यांची विक्रीच बंद आहे.

सल्ल्याची सुरुवात ‘घासा’ने होते, तिथेच क्रम चुकतो. जुन्या गाडीवर वर्षानुवर्षांचं तेल आणि सिलिकॉनचं पॉलिश बसलेलं असतं. ते न पुसता पेपर मारला की तेच तेल ओरखड्यांत जातं आणि ताज्या रंगात गोल गोल खळगे पडतात. आधी धुवा, ग्रीस काढा, मग घासा, आणि पुन्हा पुसा.

प्रायमरबद्दल थोडक्यात. शाबूत जुन्या रंगावर त्याशिवाय चालून जाईल, उघड्या धातूवर नाही. ॲल्युमिनियमवर तर घासल्या घासल्या ऑक्साइडचा नवा थर धरतो, त्यावर साधा रंग टिकत नाही. तिथे ॲसिडने धातूला धरणारा एच प्रायमर किंवा हार्डनर मिसळून घट्ट होणारा इपॉक्सी प्रायमर लागतो. पोचा पुटीने भरायचा असेल तर ॲसिडवाल्या एच प्रायमरवर पुटी लावू नका, ती सुटते. इपॉक्सीवर चालते.

“थर जाड तितका टिकाऊ.” जाड थराचा वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि खालचा थिनर अडकतो. तो बाहेर पडताना बारीक फुगे येतात, उभ्या बाजूवर ओघळ येतात ते वेगळेच. कॅन 20 ते 25 सेंटीमीटरवर धरून, मध्ये काही मिनिटं थांबत, पातळ तीन-चार हात मारायचे. पुढचा हात कधी मारायचा ते कॅनवर लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. बऱ्याच रंगांत ‘तासाभराच्या आत, नाहीतर दोन दिवसांनी’ अशा धर्तीची सूचना असते. अधल्यामधल्या वेळेत मारलेला हात खालचा अर्धवट सुकलेला थर उचलतो. दमट दिवशी मारलेला लॅकर पांढुरका पडतो, कारण उडणारा थिनर पृष्ठभाग गार करतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते.

हाताला कोरडं लागणं म्हणजे धूळ चिकटणार नाही, इतकंच. भाग नाकाजवळ धरा. थिनरचा वास येतोय तोवर रंग कच्चा. अशा रंगावर क्लॅम्प आवळला की त्याचा ठसा कायमचा.

आता टाकी. सगळ्यांत जास्त निराशा इथेच होते. साध्या कॅनमधला ॲक्रिलिक लॅकर फक्त थिनर उडून सुकतो. आत कोणतीही रासायनिक जोडणी होत नाही. म्हणून तो पुन्हा विरघळूही शकतो. झाकणाभोवती पेट्रोल सांडलं की क्लिअर मऊ पडतो, चिकट होतो, बोट लावलं तर सोबत येतो. महिनाभर उन्हात ठेवूनही यात मूलभूत फरक पडत नाही. पेट्रोल झेलतो तो टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा दोन घटकांचा क्लिअर. तो कॅनमध्येही मिळतो: बुडाची पिन दाबून हार्डनर आत सोडायचा आणि साधारण एक-दोन दिवसांत कॅन संपवायचा, नंतर तो आतच घट्ट होतो.

पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसांना संवेदनशील करतात, आणि एकदा तसं झालं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. धुळीचा मास्क इथे कुचकामी आहे. व्यावसायिक पेंटर बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालतात, तो उगाच नाही. माझ्या मते टाकीची घासाई, पुटी, प्रायमर आणि रंग घरी करावा, क्लिअर मात्र बूथ (रंग मारायची हवा खेचणारी बंद खोली) असलेल्या पेंटरकडून मारून घ्यावा. कोणता रंग वापरला ते त्याला आधी सांगा. आणि रिकामी केलेली टाकी निर्धोक समजू नका. आतली वाफ हवेत मिसळून पेटायला तयार असते, त्यामुळे हीट गन आणि ठिणग्या उडवणारी साधनं तिच्यापासून लांब.

“एकच काळा सगळीकडे.” सायलेन्सरच्या पाइपवर साधा रंग पहिल्याच फेरीत जळून सुटतो. तिथला रंग सिलिकॉन रेझिनचा असतो, तो खरा पक्का होतो उष्णतेनेच: इंजिन थोडा वेळ चालवा, पूर्ण गार होऊ द्या, मग आणखी जास्त वेळ. तोपर्यंत नखानेही ओरखडा उठतो. खाली नेहमीचा प्रायमर असेल तर वरचा रंग कितीही महाग असो, पोपडे निघणारच.

चॅसीवर मात्र कुठे रंग लावायचा नाही हे आधी ठरवा. आटे, बेअरिंगच्या बैठका, इंजिन आवळलं जातं त्या जागा टेपने झाका. बोल्टच्या डोक्याखाली जाड रंग राहिला तर तो दाबाने हळूहळू चेपतो आणि नीट आवळलेला बोल्टही सैल पडतो. अर्थची वायर बसते ती जागा उघडा धातूच हवी. तिथे रंग गेला की दिवे मिणमिणतात, स्टार्टर कुरकुरतो, आणि माणूस नवी बॅटरी आणायला धावतो.