रस्ते कुणी रिकामे केले? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

साथीच्या काळात ओस पडलेल्या पर्यटनस्थळांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. ती रागाने लिहिलेली आहे, पण मुद्देसूद आहे. त्यामुळे नुसते आभार मानून मोकळं होण्यापेक्षा स्वतंत्र उत्तर लिहिते आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : विषाणूला हात नसतात, त्याने एकाही दुकानाला कुलूप लावलं नाही. कुलपं सरकारांनी लावली आणि भीती वाहिन्यांनी विकली. पर्यटक गेले तर बिघडलं काय, उलट व्हेनिसचं पाणी नितळ झालं, डॉल्फिन परतले. पर्यटन ही भरल्या पोटाची चैन. बंदी उठली की सगळं होतं तसं भरतं, मग एवढे उसासे कशाला?

वूहानपुरतं तुमचं खरं आहे. २३ जानेवारी २०२० रोजी सकाळी दहा वाजता तिथली रेल्वे स्थानकं आणि विमानतळ बंद झाले. चिनी नववर्ष दोन दिवसांवर होतं आणि १ कोटी १० लाखांच्या आसपास लोकसंख्येचं शहर आतल्या आत अडकलं. ८ एप्रिलपर्यंत. हा सरळसरळ सरकारी हुकूम होता आणि २० जानेवारीपर्यंत त्या शहरातल्या सामान्य माणसाला घाबरण्याइतकी माहितीही फारशी कुणी दिली नव्हती. पण वूहान हा नियम नाही, अपवाद आहे. तुमची सगळी मांडणी त्या एका उदाहरणावर उभी आहे, आणि तिथेच आपलं जमत नाही.

२००३चं हाँगकाँग बघा. सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ होती. शाळा बंद होत्या आणि अॅमॉय गार्डन्स या वसाहतीतली एक इमारत विलग केलेली होती. पण दुकानं, हॉटेलं, रेस्टॉरंटं यांना कुणी टाळं ठोकलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २ एप्रिलला सल्ला दिला की गरज नसेल तर हाँगकाँगचा प्रवास पुढे ढकला. सल्लाच तो, बंदी नव्हे. तरी मे महिन्यात तिथे येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या मेपेक्षा सुमारे दोन तृतीयांशांनी घटली. त्या साथीत हाँगकाँगमध्ये एकूण रुग्ण झाले १,७५५, आणि शहराची लोकसंख्या सदुसष्ट लाखांच्या घरात.

२०१५ साली दक्षिण कोरियात मर्स हा तशाच प्रकारचा आजार आला. रुग्ण १८६, मृत्यू ३८. लागण जवळजवळ सगळी रुग्णालयांच्या आत झाली : वॉर्डात, आपत्कालीन विभागात, रुग्णाला भेटायला आलेल्या नातेवाइकांना. सोलच्या म्यंगदोंग बाजारात खरेदी करणाऱ्या परदेशी माणसाला धोका नगण्य होता आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासावर निर्बंध घालायला सांगितलंही नव्हतं. पण जून महिन्यात परदेशी पर्यटक ४१ टक्क्यांनी घटले. त्याच्या आदल्या वर्षी पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, तेव्हा केनिया आणि टांझानियाच्या सफारींची बुकिंगं रद्द झाली. लायबेरियाच्या मोनरोव्हियापासून नैरोबीपेक्षा माद्रिद जवळ आहे! इबोला आफ्रिकेत आहे म्हणून माद्रिदची सहल कुणी रद्द केल्याचं ऐकिवात नाही. इथे हुकूम कुणाचा होता? लोकांच्या डोक्यातल्या नकाशाचा.

आता वाहिन्यांनी विकलेल्या भीतीबद्दल. हा मुद्दा मोजता येतो आणि कोविडच्या काळात तो मोजला गेला आहे. शिकागो विद्यापीठातल्या ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बावीस लाखांहून अधिक दुकानांतली आणि व्यवसायांतली ये-जा मोबाइल फोनच्या नोंदींवरून तपासली. त्यांची युक्ती साधी होती. एकाच शहरी पट्ट्याच्या मधून प्रशासकीय हद्द जाते, अलीकडे घरी बसण्याचा आदेश आहे आणि पलीकडे अजून नाही. हवा तीच, टीव्ही तोच, दुकानंही त्याच धर्तीची. मग दोन्हीकडच्या वर्दळीत जो फरक पडेल तो आदेशाचा. एकूण वर्दळ घटली होती ६० टक्क्यांनी आणि त्यातली आदेशांच्या खात्यावर जमा झालेली घट निघाली सात टक्के अंकांची, म्हणजे साठातले फक्त सात. बाकीचे लोक स्वतःहून घरी बसले होते. वर्दळ आदेश निघायच्या आधीच घसरायला लागली होती.

तुमच्यासाठी त्या अभ्यासातली याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ही घट आपापल्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) किती मृत्यू नोंदले गेले त्यानुसार कमी-जास्त होत होती. आणि जे लोक बाहेर पडत होते तेही गर्दीची मोठी दुकानं टाळून त्याच प्रकारच्या छोट्या, कमी वर्दळीच्या दुकानांकडे वळत होते. वाहिनीने भडकवलेला माणूस असं वागेल का? मला तर ही बऱ्यापैकी हिशेबी धास्ती वाटते. स्वीडन आणि डेन्मार्कचा दाखलाही याच दिशेचा आहे. डेन्मार्कने टाळेबंदी केली, स्वीडनने बरंचसं उघडं ठेवलं. बँक खात्यांवरून पाहिलेला लोकांचा खर्च डेन्मार्कमध्ये २९ टक्क्यांनी उतरला, स्वीडनमध्ये २५ टक्क्यांनी.

म्हणजे हुकमाला काहीच अर्थ नसतो असं नाही. शिकागोच्याच अभ्यासात दिसतं की आदेशांनी खर्चाची दिशा बदलली, रेस्टॉरंटकडची पावलं किराणा दुकानाकडे गेली. आणि नुकसान कुणाच्या माथी बसणार हे बहुतेक वेळा हुकूम निघाला की नाही यावर ठरतं. भीतीपोटी तुम्ही सहल रद्द केलीत तर पैसे तुमचे बुडतात. सरकारनेच सीमा बंद केली तर परतावा मागायला कायद्याचा आधार मिळतो. (२०२०मध्ये त्या आधारावर पैसे मागणाऱ्या असंख्य लोकांच्या हाती रोख रकमेऐवजी व्हाउचर टेकवण्यात आलं, तो वेगळा विषय.)

पॅरिसचं लूव्र संग्रहालय या साथीत पहिल्यांदा बंद झालं ते १ मार्च २०२० रोजी, आणि तेही ना पर्यटकांच्या भीतीने ना सरकारी आदेशाने. दालनांवर पहारा देणारे कर्मचारी कामावर जायला तयार नव्हते. रोज जगभरातून आलेले हजारो लोक त्यांच्यासमोरून जात होते, आणि जिवाला धोका वाटला तर काम थांबवण्याचा हक्क त्यांना कायद्याने आहे. रस्ते कुणी रिकामे केले याच्या तुमच्या यादीत सरकार आहे, वाहिन्या आहेत, पण हे लोक नाहीत.

पर्यटनस्थळ आधी का रिकामं होतं आणि शेवटी का भरतं, याचं माझं उत्तर सरळ आहे. शहरातल्या माणसाला किराणा आणायला, कामावर जायला रस्त्यावर यावंच लागतं. पर्यटकाचं तसं नाही, तो पुढच्या वर्षी येऊ शकतो. शिवाय त्याला भीती फक्त आजाराची नसते, अडकण्याची असते. फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामाच्या बंदरात डायमंड प्रिन्सेस जहाजावर ३,७११ माणसं अडकली आणि त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. खोलीबाहेर पडता न येणारे ते प्रवासी जगाने पाहिल्यावर क्रूझचं तिकीट काढायची हिंमत किती जणांना झाली असेल? २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय पर्यटकांची जगभरची संख्या १४६ कोटी होती, २०२०मध्ये ती ४० कोटींच्या आसपास आली. लूव्रला येणारे ९६ लाखांवरून २७ लाखांवर आले, कारण तिथे एरवी येणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश परदेशी असतात. याउलट चीनमध्ये ऑक्टोबर २०२०च्या सुट्टीच्या आठवड्यात देशांतर्गत ६३ कोटींहून अधिक सहली झाल्या. जानेवारीत चिटपाखरू नसलेल्या त्याच वूहानमध्ये यलो क्रेन टॉवरपाशी माणसांची रीघ लागली होती. जवळच्या माणसांवर चालणारी जागा सावरली, दूरच्या माणसांवर चालणारी तशीच थांबून राहिली.

व्हेनिसकडे येते. डॉल्फिन परतले नव्हते. तो व्हिडिओ सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी बंदरातला होता. पाणी नितळ दिसलं हे खरं, पण ते शुद्ध झालं म्हणून नाही. मोटारबोटी थांबल्या, तळाचा गाळ ढवळला जाईना, एवढंच. ऐतिहासिक व्हेनिसमध्ये १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते, २०२०मध्ये पन्नास हजारांच्या आसपास उरले होते. पर्यटक निघून गेल्यावर ते शहर इतकं भकास दिसलं, कारण तिथे राहणारे त्याआधीच निघून गेले होते. निसर्गाने श्वास घेतला म्हणून टिपलेली ती छायाचित्रं मला या दुसऱ्या रिकामपणाची वाटतात, आणि तो विषाणूने आणलेला नाही. मोठी क्रूझ जहाजं सान मार्को चौकासमोरून जायची थांबली ती ऑगस्ट २०२१पासून, इटलीच्या सरकारने बंदी घातली तेव्हा. इथे तुमचा सरकारी हुकूम कामी आला, साथ नव्हे.

शांततेचा परिणाम काहीच झाला नाही असं मी म्हणत नाही. भूकंपमापकांवर माणसांच्या हालचालीमुळे उमटणारा कंप काही ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरला, आणि ही शांतता चीनपासून इटलीकडे, मग इतरत्र सरकत गेलेली नोंदींत दिसते. पण 'निसर्ग' म्हणताना थायलंडच्या लोपबुरीतली माकडंही आठवा. पर्यटकांच्या खाऊवर पोसलेल्या त्यांच्या टोळ्या मार्च २०२०मध्ये भर रस्त्यात खाण्यासाठी एकमेकांवर तुटून पडल्या.

चैनीबद्दल फार लिहीत नाही. जागतिक प्रवास व पर्यटन परिषदेच्या अंदाजानुसार २०२०मध्ये या क्षेत्रातले ६ कोटी २० लाख रोजगार गेले. चैन करणारा घरी बसला. खोल्या झाडणारा, नाव वल्हवणारा, वाट दाखवणारा यांचा दिवस बुडाला, आणि आज रिकामी राहिलेली खोली उद्या दुप्पट विकता येत नाही. बालीची अर्थव्यवस्था त्या वर्षी ९ टक्क्यांहून अधिक आक्रसली.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, की सगळं होतं तसं भरतं. हाँगकाँगवरचा प्रवासाचा सल्ला २३ मे २००३ रोजी मागे घेतला गेला. कोलमडलेल्या बाजाराला हात द्यायला त्याच जुलैत चीनने आपल्या काही शहरांतल्या नागरिकांना गटाशिवाय, एकट्याने हाँगकाँगला जायची मुभा दिली. २००३मध्ये चीनच्या मुख्य भूमीवरून आलेले पर्यटक ८५ लाखांच्या आसपास होते, २०१८मध्ये ते पाच कोटींवर गेले. दुकानं भरली, पण पहिल्यासारखी नाही. सोन्याची, सौंदर्यप्रसाधनांची आणि औषधांची दुकानं वाढली, भाडी चढली, सीमेजवळच्या वस्त्यांत लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचा तुटवडा पडायला लागला. २०१३मध्ये त्या पावडरीचे दोनच डबे बाहेर नेता येतील असा नियम करावा लागला, आणि २०१५मध्ये सीमेजवळच्या उपनगरांत त्याच गर्दीविरुद्ध मोर्चे निघाले.