‘शवविच्छेदन’ म्हणणाऱ्या वाचकांना

मागच्या लेखात मी नववी-दहावीच्या मुलांना कादंबरीतली पात्रं आणि आशयसूत्र कसं शिकवते ते लिहिलं होतं. त्यावर ‘सदाशिव पेठेतला एक जुना वाचक’ अशा सहीनं एक प्रतिक्रिया आली आहे. त्यातलं एक वाक्य असं: “बाई, तुम्ही मुलांना कादंबरी वाचायला शिकवत नाही, तिचं शवविच्छेदन करायला शिकवता.” पुढे त्यांनी लिहिलंय की फळ्यावर रकाने आखणारी मास्तरकी आणि अप्पा बळवंत चौकात मिळणारं गाईड यांत काही फरक नाही, पूर्ण कादंबरी शिकवायला शाळेत वेळ नसतोच, आणि मी ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीची तारीख चुकवली.

तारखेपासूनच सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मी ‘१८९० साली प्रसिद्ध झालेलं पुस्तक’ असं लिहिलं होतं. १८९० साली ह. ना. आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ती हप्त्याहप्त्यानं यायला लागली, पुस्तक झालं ते १८९३ साली. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवलीत त्याबद्दल आभार.

आता शवविच्छेदन. हा शब्द वाचून मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. शवविच्छेदन मेलेल्याचं करतात. म्हणजे माझ्या वर्गात कादंबरी मरते असं तुम्हाला म्हणायचं आहे. माझ्या वर्गाचं दार तुम्ही कधी उघडलंत? चोवीस वर्षं मी पुण्यात मराठी शिकवते आहे आणि तुम्ही चार ओळींत माझ्या हातात सुरी दिलीत. मतभेद असू शकतो, तो मांडायची एक रीत असते. ‘मास्तरकी’ हा शब्द तुम्ही ज्या सुरात वापरलाय, त्या सुरात कुणी तुमच्या व्यवसायाबद्दल बोललं तर तुम्हाला चालेल का, याचा जरा विचार करा.

मी नेमकं काय करते ते एकदा नीट सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेला मास्तर त्यात सगळी गोष्ट सांगतो. फळ्यावर तीन रकाने असतात: पात्र काय करतं, पात्र स्वतः काय बोलतं, आणि मास्तर त्याच्याबद्दल काय सांगतो. मुलांनी पुस्तकात बोट ठेवून दाखवायचं. ‘अंजी भोळी आहे’ असं नुसतं म्हटलेलं मी चालवून घेत नाही. ती मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते आणि त्यावरून वाडीच्या कारभाऱ्याच्या मनात किंतू येतो, तिथे भोळं कोण, धीट कोण, आणि घाबरलेलं कोण? हे विचारलं की वर्गात भांडण लागतं. मेलेल्या वस्तूवरून मुलं अशी भांडत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी शेकूच्या बायकोवर आलो. शेकूकडे एकच बैल, तेव्हा त्याची बायको जुवाला खांदा लावते. तिसरा रकाना भराभर भरला, कारण सगळं मास्तरच सांगतो. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वर्षभरात तो आपणहून कधी बोलला नव्हता. घरी मेंढरं, हडपसरच्या पुढे कुठेतरी राहायला. तो म्हणाला, “बाई, हे सगळं मास्तरला दिसलं ते आहे. तिचा खांदा दुखला का नाही, ते त्यानं कुठं लिहिलंय?” आम्ही पानं उलटली. मग तो म्हणाला, “माझ्या आईचा दुखतो. ती पण सांगत नाही.”

वर्ग गप्प झाला होता. निवेदक कोण आहे, तो काय पाहू शकतो आणि काय त्याच्या नजरेतून निसटतं, हे सांगायला मला एरवी दोन तास लागले असते. त्या मुलाला ते एका रिकाम्या जागेनं दाखवलं, आणि ती रिकामी जागा दिसली ती फळ्यावर रकाने होते म्हणून. आशयसूत्राचंही तसंच. ‘या कादंबरीचा विषय दुष्काळ’ असं मी लिहून दिलं असतं तर सगळ्यांनी उतरवून घेतलं असतं. पण गावानं कष्टानं उभी केलेली तालीम, मग पाऊस नाही, मग मेंढरं घेऊन एकेक घर बाहेर पडतं, शेवटी मास्तरही वाडी सोडतो, हे सगळं मुलांनी ओळीनं मांडलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, “मग मास्तरनं एवढं केलं ते फुकट गेलं का?” हा प्रश्न कुठल्या गाईडात आहे, मला दाखवा.

तुम्ही म्हणता, नुसतं वाचू द्या, आनंद घेऊ द्या. मी नुसतं वाचलं होतं. मी शाळेत असताना आमच्या बाई ‘पण लक्षात कोण घेतो?’तले उतारे फार सुंदर वाचायच्या. विधवा झालेल्या नायिकेचं, यमूचं, केशवपन होतं तो भाग ऐकून आम्ही मुली रडलो. मग बाईंनी स्वभावचित्रण सांगितलं: प्रेमळ, सोशिक, समंजस, पतिपरायण. आम्ही खाली रेघ मारली. मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. आमच्या घरी ओटीवर पणजीचा एकच फोटो होता. पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात काही नाही, गळ्यात काही नाही. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली होती. त्या फोटोखाली बसून मी यमूचे चार गुण पाठ केले आणि मान वर करून एकदाही पाहिलं नाही. ‘सोशिक’ हा शब्द तिला कुणी लावला, तिनं स्वतः लावला का, एवढा एकच प्रश्न कुणी विचारला असता तर मी त्याच संध्याकाळी आजीजवळ जाऊन बसले असते. मी बसले ते बी.ए.ला असताना. तोवर आजीला फारसं आठवत नव्हतं.

म्हणून मी विचारते. यमूच्या सासरच्या शंकरमामंजींना मुलं लगेच ‘दुष्ट’ म्हणून मोकळी होतात. मी त्यांना थांबवते. हा माणूस काय बोलतो, काय करतो, घरातलं कोण त्याला अडवू शकलं असतं आणि का अडवलं नाही, हे शोधून आणा म्हणते. मग नाव पुन्हा वाचतो आम्ही: ‘पण लक्षात कोण घेतो?’ हा प्रश्न कुणाला विचारलाय, यावर एक अख्खा तास जातो. त्यातला आनंद तुम्हाला आनंद वाटत नसेल, तर आपल्या दोघांचा आनंद वेगळा आहे, एवढंच म्हणते.

वेळेचं म्हणाल तर मी शनिवारी शाळा सुटल्यावर जादा तास घेते, आणि त्याचे पैसे घेत नाही. गाईडाशी तुलना केलीत त्यावर मी काही बोलणार नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत स्वमताचे प्रश्न असतात हे तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालते. गाईडातलं ‘स्वमत’ सगळ्या मुलांचं एकच असतं, माझ्या वर्गातल्या वह्या तशा नसतात.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुन्हा लिहाल तेव्हा ‘शवविच्छेदन’ हा शब्द माझ्या मुलांच्या वाचनाला लावू नका. त्या शेवटच्या बाकावरच्या मुलानं नंतर शेकूच्या बायकोच्या तोंडून अर्धं पान लिहून आणलं होतं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या, मी त्यातली एकही लाल पेनानं खुणावली नाही. ते पान अजून माझ्या कपाटात आहे.