‘थेट टेकच करा’ म्हणणाऱ्यांनी आधी तक्ता उघडावा

‘साइडमाउंट शिकायचंय? रिक्रिएशनल कोर्स म्हणजे पैसे पाण्यात. थेट टेक करा!’ अशा सुरुवातीचा पाच मुद्द्यांचा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. साइडमाउंट म्हणजे स्कूबा डायव्हिंगमध्ये सिलिंडर पाठीवर न घेता दोन्ही बगलांत अडकवणं; रिक्रिएशनल (रिक) म्हणजे हौशी डायव्हिंग, टेक म्हणजे टेक्निकल, त्याहून खोल आणि गुंतागुंतीचं. काल तो भाचीनं मला पाठवला. तिच्या नावावर १४ डाइव्ह आणि हातात ओपन वॉटरचं, म्हणजे पहिल्या पायरीच्या कोर्सचं कार्ड. खाली प्रश्न: ‘मामा, मग टेकलाच नाव घालू का?’

नको घालूस. आणि ज्यानं हे लिहिलंय त्यानं निदान कोणत्या खोलीवर किती मिनिटं राहता येतं ते सांगणारा डाइव्हचा तक्ता तरी एकदा उघडून बघावा.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: रिक कोर्स हा टेकचाच कापलेला तुकडा आहे, दोन सिलिंडर म्हणजे पाण्याखाली दुप्पट वेळ, टेक साइडमाउंटच्या कार्डावर डेको (शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना थांबे घ्यावे लागणाऱ्या डाइव्ह) आणि गुहा दोन्ही खुल्या, दोन सिलिंडर असले की माणूस आपोआप सुरक्षित, आणि पाठ दुखणाऱ्यांना साइडमाउंटसारखं दुसरं काही नाही.

सगळ्यात घातक दुसरा मुद्दा, म्हणून तोच आधी.

हिशेब साधा आहे. भारतात बहुतेक ठिकाणी मिळतो तो ॲल्युमिनियमचा ‘८०’ नावाचा सिलिंडर, पाण्याच्या मापानं ११.१ लिटरचा. २०० बार दाबाला भरला की सुमारे २,२२० लिटर हवा. त्यातले ५० बार राखीव ठेवले की वापरायला १,६६५ लिटर उरतात. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणारा डायव्हर धरा, नवशिक्याला याहून जास्तच लागते. १८ मीटरवर दाब २.८ बार, म्हणजे मिनिटाला ५६ लिटर. एक सिलिंडर अर्ध्या तासात संपला. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या रिक्रिएशनल तक्त्यात १८ मीटरची नो-डेको मर्यादा, म्हणजे असे थांबे न घेता वर येता येईल इतकी वेळ, ५६ मिनिटं आहे. म्हणजे इथे खरंच हवा आधी संपते आणि दुसऱ्या सिलिंडरनं वेळ जवळपास दुप्पट होतो. एवढं मान्य. नाइलाजानं.

आता ३० मीटरवर या. दाब ४ बार, मिनिटाला ८० लिटर. एक सिलिंडर जेमतेम २१ मिनिटं पुरतो. तक्त्यातली मर्यादा किती? २० मिनिटं. म्हणजे एकाच सिलिंडरात मर्यादा गाठली. दोन सिलिंडर घेऊन उतरलात तर ४० मिनिटांची हवा अंगावर असते आणि शरीराला परवानगी २० मिनिटांचीच. ४० मीटरवर तर हा तक्ता ९ मिनिटं देतो. त्याला ९०० लिटर पुरतात, एक सिलिंडर अर्धासुद्धा होत नाही. जितकं खोल जावं तितका दुसरा सिलिंडर वेळ द्यायचं सोडतो. तिथे तो राखीव साठा असतो आणि सोबत एक मोह असतो. एकच सिलिंडर असताना हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली येऊन माणसाला वर पाठवतो. दोन असताना काटा काहीच बोलत नाही, बोलायचं काम मर्यादा मोजणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर पडतं, आणि ‘अजून १३० बार आहेत की’ म्हणत त्याच्याकडे दुर्लक्ष करणं फार सोपं असतं.

मर्यादा ओलांडली तर काय, तेही त्याच तक्त्यात आहे. ५ मिनिटांपर्यंत ओलांडली तर ५ मीटरवर ८ मिनिटं थांबायचं आणि नंतर ६ तास पाण्यात जायचं नाही. त्याहून जास्त ओलांडली तर हवा असेपर्यंत निदान १५ मिनिटं थांबायचं आणि २४ तास डाइव्ह बंद. ही आणीबाणीची सोय आहे, बेत आखायची पद्धत नव्हे. ३२ टक्के नायट्रॉक्सनं (ऑक्सिजन जास्त असलेल्या हवेनं) ३० मीटरवर साधारण २९-३० मिनिटं मिळतात, पण ती मिनिटं गॅसमुळे मिळतात, साइडमाउंटमुळे नाहीत. शिवाय सोबतचा बडी पाठीवर एकच सिलिंडर घेऊन आलाय ना? मग त्याची हवा संपत आली की दोघांनाही वर यायचंय.

तिसरा मुद्दा वाचून तर हसावं की रडावं कळेना. टेक साइडमाउंटमध्ये शिकवतात ते जास्त सिलिंडर सांभाळणं: दोन मुख्य, त्यांवर स्टेज आणि डेकोचे (वाटेत आणि थांब्यांवर वापरायचे जादा), कोणत्या खोलीवर कोणता तोंडात घ्यायचा, चुकीचा गॅस चुकीच्या खोलीवर तोंडात जाऊ नये म्हणून ओळख कशी पटवायची. ती उपकरणांची हाताळणी झाली. डेको करायची परवानगी वेगळ्या कोर्सात मिळते. पाडीचा टेक ४० हा कोर्स घ्या: कमाल ४० मीटर, डेको एकूण १० मिनिटं, तेही जास्तीत जास्त ५० टक्के नायट्रॉक्सवर. त्याच्या दारात उभं राहायला १८ वर्षं पूर्ण, ३० डाइव्ह, त्यातल्या १० नायट्रॉक्सवर १८ मीटरपेक्षा खोल, शिवाय डीपचं, म्हणजे खोल डाइव्हचं शिक्षण. चौदा डाइव्हवाल्या मुलीला हे कोण सांगणार?

गुहांचं तर बोलूच नका. साइडमाउंट जन्मालाच गुहांतून आलं, इंग्लंडच्या पाणी भरलेल्या भुयारांतून आणि पुढे फ्लोरिडाच्या झऱ्यांतून, हे खरं. पण म्हणून साइडमाउंटचं कार्ड म्हणजे गुहेचं कार्ड होत नाही. मेक्सिकोत तुलुमच्या आसपासच्या सेनोटेंमध्ये (पाणी भरलेल्या चुनखडीच्या विवरांमध्ये) उजेडाचा भाग संपतो तिथे यमदूताचं चित्र असलेली ‘थांबा’ची पाटी असते. ती सिलिंडर किती आहेत हे विचारत नाही.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. ज्याच्याकडे पन्नास-साठ डाइव्ह, नायट्रॉक्स आणि पक्की बॉयन्सी (पाण्यात तोल सांभाळून तरंगणं) आहे, त्यानं टेक शिकवणाऱ्याकडे थेट गेलं तर फार बिघडत नाही. पण रिक कोर्स ‘कापलेला’ नाही. पाडीच्या रिक साइडमाउंटला ओपन वॉटर पुरतं: एक स्विमिंग पूलसारख्या मर्यादित पाण्यातलं सत्र आणि खुल्या पाण्यातल्या तीन डाइव्ह. या तीन डाइव्हमध्ये जे बसवायचं असतं तेच पुढे सगळं तोलून धरतं. सिलिंडर बगलेत घट्ट बसेल अशी बंजीची (लवचीक दोरीची) लांबी. सिलिंडरच्या खालच्या पट्ट्याची उंची. ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होताना अडीच किलोंनी हलका होतो आणि त्याचं बूड वर तरंगायला लागतं, तेव्हा त्याचा बोल्ट स्नॅप (हूक) हार्नेसच्या मागच्या रेलवरून काढून कमरेच्या डी-रिंगला (कडीला) कसा लावायचा. दोन सिलिंडर मिळून फरक पाच किलोंचा, म्हणून वजन ठरवताना शेवटी ५ मीटरवर दोन्ही जवळपास रिकामे असताना थांबता येईल असं ठरवायचं. सुरुवातीला सगळे इथेच चुकतात.

सुरक्षिततेचा मुद्दा अर्धा खरा. श्वास घ्यायचे दोन स्वतंत्र रेग्युलेटर, दोन्ही व्हॉल्व्ह हाताशी. पण हे सिलिंडर एकमेकांना जोडलेले नसतात. एकच ओढत राहिलात आणि तो संपल्यावर भरलेल्याचा रेग्युलेटर बिघडला, तर तुमच्याकडे शून्य. म्हणून दर ३० ते ५० बारला तोंडातला रेग्युलेटर बदलायचा. अंगही एका कुशीवर झुकत नाही. रेग्युलेटर फ्री-फ्लो झाला (आपोआप हवा सोडत राहिला) तर त्याच बाजूचा व्हॉल्व्ह बंद करायचा. गडबडीत दुसराच बंद करणारे कमी नाहीत. लाँग होज (लांब नळी) उजव्या सिलिंडरवर आणि तो बडीसाठी हे डोक्याला माहीत असून भागत नाही, हाताला माहीत हवं.

पाठदुखीचं म्हणाल तर पाण्यात उतरून सिलिंडर अडकवता येतात, तेवढा आराम आहे. पण किनाऱ्यावरून जायचं असेल तर भरलेले १७-१८ किलोंचे दोन सिलिंडर कुणीतरी वाहायचे असतात.

भाचीला सांगितलंय: आधी अ‍ॅडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स, मग रिक साइडमाउंट. कोर्सचे पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचार. डाव्या बाजूसाठी डावा व्हॉल्व्ह आहे का, की दोन्ही एकाच हाताचे? व्हॉल्व्ह डीआयएन (आट्यांनी आत बसणारा) रेग्युलेटर घेतात का, की आतली टोपी ॲलन कीनं काढावी लागेल आणि ती की बोटीवर असते का? आणि प्रत्येक रेग्युलेटरला स्वतंत्र गेज आहे ना? तिसऱ्याचं उत्तर ‘एका गेजवर भागतं’ असं आलं, तर दुसरा शिकवणारा शोध.